चार वारे, एक कॅरमबोर्ड

"पप्पा, ती सोंगटी तुम्हाला नाही घेता येणार. आई तुमच्या उजवीकडे बसलीय."

"टाकली ना तिने? मग घेतली मी."

"तीन सारख्या करायच्या असतील तर घ्या. ओळीत लावायला फक्त डावीकडच्याची चालते."

खारदांड्याच्या कोळीवाड्यातलं दुमजली घर, जुलैची संध्याकाळ, पत्र्यावर पाऊस. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात आणि एरवी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून झोपणारी-उठणारी माणसं चक्क संध्याकाळी घरात सापडतात. या घरातला कर्ता पुरुष तांडेल आहे. होडीवर त्याचा शब्द शेवटचा. घरात कॉलेजात जाणारी मुलगी त्याला एका चिनी खेळाचे नियम शिकवत होती आणि तो प्रत्येक नियमाला हरकत घेत होता.

खेळ माहजाँग. बसलेले चौघे: तांडेल, त्याची बायको, मुलगी आणि खारदांड्याच्या बाजारात आयुष्यभर मासळी विकलेली आजी. पाचवे मामा, म्हणजे आजीचे भाऊ. ते बाजूच्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या सोंगट्या पाहत होते आणि बोलायचं नाही अशी सक्त ताकीद असूनही बोलत होते. घरच्यांची एकच अट होती, नावं छापायची नाहीत. तिचं कारण पुढे येईल.

माळ्यावरची पेटी

सोंगट्यांची पेटी मामांची. ते व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये होते. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या गावांतून आणि कोकणातून जहाजांवर गेलेल्या माणसांची घरं पाहिली तर कपाटांत सिंगापूरचे ट्रान्झिस्टर आणि हाँगकाँगचे कपबशांचे सेट अजून सापडतात. मामांनी सिंगापुरात ही पेटी घेतली ती सोंगट्या दिसायला सुंदर होत्या म्हणून. खेळायला कुणी नव्हतं, शिकवायलाही कुणी नव्हतं. पेटी माळ्यावर गेली.

ती खाली आली नातीमुळे. २०१८ सालचा 'क्रेझी रिच एशियन्स' हा सिनेमा तिने फोनवर पाहिला. त्यात शेवटाकडे नायिका आणि तिची होऊ घातलेली सासू माहजाँगच्या टेबलावर समोरासमोर येतात. नायिकेच्या हाती बांबूची आठ येते. ती ठेवली तर डाव तिचा. ती मुद्दाम टाकते, सासू उचलते आणि जिंकते, आणि मग नायिका आपल्या सोंगट्या उघड्या करून तिला दाखवते की काय सोडून दिलं. खेळ येत नसेल तर या प्रसंगातलं निम्मं डोक्यावरून जातं. नातीला ते सहन होईना. तिने फोनवर खेळ उतरवून घेतला आणि पहिल्यांदा भलताच निघाला: रचलेल्या ढिगातून दोन-दोन सारख्या सोंगट्या काढत जायचा, एकट्याने खेळायचा. ऑफिसातल्या संगणकांवर असंख्य लोकांनी हाच खेळ माहजाँग म्हणून खेळलेला आहे. तो १९८१ मध्ये ब्रॉडी लॉकर्ड या अमेरिकन प्रोग्रॅमरने बनवला. सोंगट्या त्याच, पण मूळ खेळाशी नातं तेवढंच. मूळ खेळाला चार माणसं लागतात. साडेतीन चालत नाहीत.

आणि टेबल लागतं, चौकोनी, कडा असलेलं. कोळीवाड्यातल्या घरात जादा टेबलाला जागा नसते. तांडेलाने भिंतीला टेकवलेला कॅरमबोर्ड आणून जमिनीवर ठेवला. खेळायची जागा ७४ सेंटिमीटर चौरस, मध्ये सोंगट्यांची भिंत रचून प्रत्येकाच्या पुढ्यात आपल्या सोंगट्या उभ्या करायला हातभर नाही तरी वीतभर जागा उरते, आणि लाकडी चौकटीमुळे सोंगटी घरंगळून कपाटाखाली जात नाही. बोर्डावर राहिलेल्या पावडरीने त्या घसरतातही छान. चीनमध्ये आणि जपानमध्ये सोंगट्या आपोआप पिसून भिंत रचून देणारी विजेची टेबलं मिळतात. दांड्यात ते काम आठ हात करतात. पालथ्या सोंगट्या बोर्डभर फिरवताना जो आवाज होतो तो टोपलीत तिसऱ्या ओतल्यासारखा. शेजाऱ्यांना बरोबर कळतं, बसले म्हणून.

रमी येते ना?

मराठी घरात हा खेळ शिकवायचा सोपा रस्ता रमीतून जातो. हातात तेरा पानं, इथे तेरा सोंगट्या. एक उचलायची, एक टाकायची. तीन ओळीत किंवा तीन सारख्या. रमीवर वाढलेल्या माणसाला एवढ्यावर खेळायला बसवता येतं, आणि या घरात तसंच झालं.

पूर्ण संचात १४४ सोंगट्या असतात. एक ते नऊ आकड्यांचे तीन रंग, प्रत्येक सोंगटीच्या चार प्रती: झाल्या १०८. त्यावर चार वारे, पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, प्रत्येकी चार. मग तीन ड्रॅगन, लाल, हिरवा आणि पांढरा, तेही चार-चार. हे १३६. उरलेल्या आठ म्हणजे फुलं आणि ऋतू. नवख्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या तरी खेळाचं काही अडत नाही. चार संच आणि एक जोडी जमली की डाव लागला. चौदावी सोंगटी भिंतीतून येते किंवा दुसऱ्याने टाकलेली उचलता येते. तिघांच्या संचाला पंग म्हणतात, ओळीला चाव, चारही सारख्या मिळाल्या तर काँग.

रमीवाला अडखळतो तो पंगवर. रमीत टाकलेलं पान पुढच्याचं. इथे कुणीही टाकलेली सोंगटी, आपली पाळी नसताना, 'पंग' म्हणून उचलता येते. मधल्यांची पाळी गेली ती गेली. ती सोंगटी पुढच्याला ओळीत हवी असेल तरी पंगवाला आधी, आणि डाव पुरा करणारा त्याच्याही आधी. शिवाय असा घेतलेला संच सगळ्यांसमोर उघडा ठेवावा लागतो. म्हणजे घाई केली तर डाव लवकर पुढे सरकतो आणि आपण काय करतोय ते तिघांना कळतं. न घेता थांबलं तर गुपित राहतं, पण सोंगटी पुन्हा येईलच याची हमी नाही.

आणखी एक फरक सुनेने हेरला. रमीत पानं वाईट आली की वीस पॉइंट देऊन पॅक करता येतं, उठून भाताला फोडणी देऊन येता येतं. माहजाँगमध्ये डाव सोडण्याची सोय नाही. हात कितीही वाईट असो, शेवटपर्यंत बसायचं. स्वतः जिंकता येत नसेल तर निदान दुसऱ्याला हवी ती सोंगटी आपल्या हातून जाऊ नये म्हणून जागं राहायचं. ही बाई दिवसभर नोकरी करून घरी येते. "तास-दोन तास कुणी मला उठवू शकत नाही," असं ती म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने खेळाचा मुख्य गुण तोच असावा.

चित्रं पैशांचीच

आजीला वाचता येतं ते मराठी. सोंगट्यांवरची चिनी अक्षरं पाहून तिने सुरुवातीला हात आखडता घेतला. प्रत्यक्षात तीन रंगांपैकी दोन मोजून ओळखता येतात: वर्तुळं, ज्यांना या घरात टिकल्या म्हणतात, आणि बांबू, म्हणजे काठ्या. गोंधळ एकच, बांबूच्या एक्क्यावर काठी नसून पक्षी असतो. मामांच्या पेटीत तो मोरासारखा आहे. तिसरा रंग अक्षरांचा. त्यातही एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. चार खिडकीसारखा दिसतो. पाच ते नऊ पाठ करावे लागतात. तयार निर्यातीच्या संचांत कोपऱ्यात इंग्रजी आकडेही असतात.

टिकल्या म्हणजे मुळात नाणी. मध्ये चौकोनी भोक असलेली जुनी चिनी नाणी दोरीत ओवून ठेवत. आपण ज्यांना बांबू म्हणतो त्या या नाण्यांच्या माळा. आणि तिसऱ्या रंगावर प्रत्येक आकड्याखाली जे तांबडं अक्षर आहे ते दहा हजाराचं. सुटे, माळ आणि दहा-दहा हजारांची रक्कम. हे कळल्यावर आजीचा संकोच संपला. ज्या बाईने चाळीस वर्षं टोपलीपुढे बसून गिऱ्हाईकाचे पैसे मोजले तिला नाण्यांचा खेळ परका वाटायचं कारण नव्हतं.

वाऱ्यांवरून मात्र तांडेल अडला. चार खेळाडूंना चार दिशांची नावं असतात. पूर्वेपासून खेळ सुरू होतो आणि तिच्या उजव्या हाताला बसते दक्षिण. पूर्वेला बसलेल्याचं तोंड पश्चिमेकडे. दांड्याच्या किनाऱ्यावर समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड करून उभं राहिलं तर उजवीकडे जुहू, म्हणजे उत्तर, आणि डावीकडे वांद्रे. माहजाँगच्या टेबलावर वांद्रे जुहूच्या जागी जातं. रात्री जमिनीवरून सुटणारा मतलई वारा आणि दुपारचा खारा वारा यांच्या हिशोबाने जगलेल्या माणसाला ही उलटी दिशादर्शिका पटणं कठीण. "असं होकायंत्र घेऊन गेलो तर परत येणार नाही कुणी," हे त्याचं मत अजून कायम आहे.

माझगाव, छावणी, जिमखाना

खेळ आजच्या रूपात तयार झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, चीनच्या पूर्व किनाऱ्यावर; निंगबो हे बंदराचं गाव त्याचं श्रेय सांगतं. बंदरातला खेळ बंदरांतूनच पसरला. स्टँडर्ड ऑइल कंपनीचा सूचौमधला अमेरिकन नोकर जोसेफ पार्क बॅबकॉक याने १९२० मध्ये सोपे केलेले नियम छापले, सोंगट्यांवर इंग्रजी आकडे टाकले, आणि पुढची काही वर्षं अमेरिका व इंग्लंड या खेळाने झपाटले. सोंगट्यांसाठी हाडं कमी पडू लागली तेव्हा शिकागोच्या कत्तलखान्यांतली गुरांची हाडं जहाजाने शांघायला जात. अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' या १९२६ च्या कादंबरीत एक अख्खं प्रकरण माहजाँगच्या संध्याकाळीवर आहे: गावातली मंडळी सोंगट्या टाकता टाकता खुनाची चर्चा करतात आणि एक कर्नलसाहेब शांघाय क्लबात कसं खेळायचे ते ऐकवत बसतात.

असे कर्नल हिंदुस्थानातही होते. ते गेले, खेळ राहिला. भूदल, नौदल, हवाई दल यांच्या वसाहतींत अधिकाऱ्यांच्या पत्नींनी माहजाँग पिढ्यान्पिढ्या चालू ठेवला. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवं गाव, अनोळखी शेजार. अशा वेळी चौथी बाई हवी असणारं टेबल म्हणजे ओळखीचं दार. निवृत्तीनंतर ही कुटुंबं शहरांत स्थिरावली आणि खेळ जिमखान्यांच्या पत्त्यांच्या खोल्यांत पोहोचला. गेल्या काही वर्षांत मुंबईत त्याला पुन्हा बहर आला आहे. वांद्रे-खारच्या कॅफेंत शिकवण्या चालतात.

मुंबईत तो त्याआधी, त्याच्या खऱ्या मालकांबरोबरही आलेला होता. गोदीच्या आसऱ्याने राहिलेल्या चिनी खलाशांची आणि कामगारांची वस्ती माझगावात होती. तिथे डॉकयार्ड रोड स्टेशनच्या परिसरात १९१९ साली बांधलेलं सी यिप कून हे चिनी देऊळ आजही आहे. १९६२ च्या युद्धाने भारतातल्या चिनी समाजाची घडी मोडली. सुमारे तीन हजार जणांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, आणि पुढे अनेकांनी देश सोडला. उरलेले मुंबईत दंतवैद्य, ब्यूटी पार्लर, रेस्तराँ या धंद्यांत दिसत राहिले. शहराने त्यांच्याकडून जेवण घेतलं, तेही आपल्या चवीचं करून: चिकन मांचुरियन नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बनवलं. सोंगट्या मात्र घेतल्या त्या साहेबाच्या हातून. मुंबईच्या उच्चभ्रू खोल्यांत खेळला जाणारा चिनी खेळ चिनी शेजाऱ्याकडून शिकलेला नाही, यात थोडं लाजिरवाणं काहीतरी आहे.

कोळीवाड्याचा चीनशी संबंध तर याहून थेट. घोळ माशाच्या पोटातला हवेचा फुगा हाँगकाँग-सिंगापूरच्या बाजारात सोन्याच्या मोलाने जातो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, बंदी उठल्या उठल्या, पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका होडीला १५७ घोळी लागल्या आणि लिलावात एक कोटी तेहतीस लाख रुपये आले. त्या बातमीची उजळणी या घरात दर पावसाळ्यात होते.

घरचा कायदा

माहजाँग शिकायला बसलेल्या घराला दुसऱ्याच आठवड्यात कळतं की नियम एक नाहीतच. हाँगकाँगचे वेगळे, जपानचे वेगळे. जपानी पद्धतीत स्वतः आधी टाकलेली सोंगटी दुसऱ्याने टाकल्यावर तिच्यावर जिंकता येत नाही. अमेरिकेत १९३७ साली न्यूयॉर्कमधल्या, बहुतांशी ज्यू असलेल्या स्त्रियांनी नॅशनल माहजाँग लीग स्थापन केली. ती दर वर्षी नवं कार्ड छापते आणि त्या वर्षी त्या कार्डावरचेच डाव चालतात, जोकरसकट. खुद्द चीनमध्ये १९४९ नंतर खेळावर जुगार म्हणून गदा आली होती. १९९८ मध्ये तिथल्या क्रीडा आयोगाने त्याला खेळ म्हणून मान्यता देऊन ८१ प्रकारच्या रचनांची अधिकृत नियमावली काढली. नातीने फोनवर शिकलेले नियम एका पद्धतीचे, मामांच्या पेटीतलं पिवळं पडलेलं चोपडं दुसऱ्या पद्धतीचं.

मग या घराने तेच केलं जे जगातलं प्रत्येक टेबल करतं. स्वतःचा कायदा केला. वहीच्या मागच्या पानावर तो लिहिलेला आहे, खाडाखोडीसह. फुलं-ऋतू पेटीतच राहतील. कुठल्याही चार संचांनी आणि एका जोडीने डाव लागेल, कमीत कमी गुणांची अट नाही. काँग केला तर भिंतीच्या मागच्या टोकाची सोंगटी घ्यायची. बोर्डावर टेकलेली सोंगटी परत घेता येणार नाही. हे कलम तांडेलामुळे घालावं लागलं. आणि ज्याने टाकलेल्या सोंगटीवर दुसरा जिंकला त्याने उठायचं, पाचव्याने बसायचं. हे शेवटचं कलम कुठल्याच पुस्तकात नाही, पण पाच माणसांच्या घरात चार जागांचा खेळ त्याशिवाय चाललाच नसता. त्याने डावालाही धार आली, कारण चूक करणारा आता पैसे गमावत नाही, जागा गमावतो.

कलमांवर मतदान होतं. चारातले दोन-दोन झाले की मामांचं मत निर्णायक. होडीवर ज्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही, तो माणूस इथे नियमित हरतो, टेबलावर आणि मतदानातही.

आजीची नजर

जिंकते कोण? आजी. पहिले काही दिवस नाही, नंतर सारखीच.

नात डावाकडे पाहते, म्हणजे आपल्या तेरा सोंगट्यांकडे. आजी बोर्डाच्या मध्यावर पाहते, जिथे टाकलेल्या सोंगट्या साचतात. प्रत्येक सोंगटीच्या प्रती चारच. तीन दिसल्या असतील तर चौथीची वाट पाहण्यात फार अर्थ नाही, आणि दोन दिसल्या असतील तर उरलेली जोडी कधीच तिघांचा संच होणार नाही. कुणी सुरुवातीपासून टिकल्या टाकतंय म्हणजे काठ्या किंवा अक्षरं जमवतंय. कुणी सोंगटी उचलून क्षणभर थांबतो आणि मग दुसरीच टाकतो म्हणजे पहिली उपयोगी पडली. हे सगळं पुस्तकांत 'बचाव' या मथळ्याखाली असतं आणि शिकायला वर्षं लागतात असं तिथे म्हटलेलं असतं.

आजीने ते बाजारात शिकून ठेवलं होतं. गिऱ्हाईक पापलेटाकडे बघत बांगड्याचा भाव विचारतं तेव्हा त्याला काय हवंय ते विक्रेतीला कळतं. तिच्या सुनेच्या मते आजीचा खरा हिशोब सोंगट्यांचा नसून चेहऱ्यांचा आहे. मुलगा हवी ती सोंगटी मिळाली की लहानपणापासून नाक खाजवतो. आजी यावर काही बोलत नाही. तिचा धंदा तिने सांगावा कशाला?

ध्यान जास्त लागलं तर त्रासही होतो, हे खोटं नाही. हाँगकाँगच्या एका वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली माहजाँग खेळताना किंवा पाहताना झटके येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. मामांनी ही बातमी नातीच्या तोंडून ऐकली आणि नुसतं पाहणाऱ्यालाही धोका आहे म्हटल्यावर पुढच्या डावाला आपली जागा आधीच मागून घेतली.

चिंचोके

आता नावांची गोष्ट. कोळीवाड्यात पत्त्यांचा अड्डा म्हणजे काय ते सर्वांना माहीत असतं. बंदीच्या दोन महिन्यांत उत्पन्न थांबतं, वेळ उरतो, आणि तीन पत्तीत होडीच्या दुरुस्तीचे पैसे गेलेली घरं गल्लीत आहेत. रात्री आवाज येतो, चार डोकी जमिनीवर वाकलेली दिसतात. लोकांनी तर्क करायला एवढं पुरतं. म्हणून या घरात गुण चिंचोक्यांनी मोजतात. प्रत्येकाला सुरुवातीला चाळीस. पैसे लावायचे नाहीत हा आजीचा हुकूम. त्याला मतदान नाही.

कायद्याची रेघ तशी जुनी आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात १९६० च्या दशकातच म्हटलं. त्या आधारावर फोनवरच्या पैशांच्या रमीचं साम्राज्य उभं राहिलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. जपानने वेगळी वाट काढली: तिथे २०१८ मध्ये व्यावसायिक माहजाँगची एम-लीग सुरू झाली आणि तिच्या खेळाडूंना जुगार खेळायला मनाई आहे.

आपल्याकडे घरगुती खेळांचं काय होतं ते पाहायला सावंतवाडीला जावं. तिथली गंजिफा, गोल, हाताने रंगवलेली पानं, दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा म्हणजे १२०. दिवसा रामाच्या पानाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. राजवाड्याने ही कला जगवली, पण विकत घेणारे बहुतेक ती चौकटीत लावतात. उलट दिशेला २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेत डॅलसच्या तीन स्त्रियांवर झोड उठली, कारण त्यांनी चिनी चित्रं काढून टाकून माहजाँगला 'ताजं' रूप दिलं होतं. दांड्यातल्या पेटीत दोन सोंगट्या कमी होत्या. तांडेलाने साबणाच्या डब्याचं प्लास्टिक कापून त्या बनवल्या, नातीने मार्करने अक्षरं काढली. त्या पालथ्या असतानाही ओळखू येतात. वहीत त्यावरही कलम आहे: त्या दोन सोंगट्या मागून पाहून उचलायच्या नाहीत.

चौथी जागा

ऑगस्ट लागला, नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. तांडेलाची जागा रिकामी झाली आणि मामा गुडघ्याच्या दुखण्याने जमिनीवर बसेनात. नातीने जपानमधला तिघांचा प्रकार शोधून काढला. त्यात अक्षरांच्या रंगातल्या दोन ते आठ या सोंगट्या काढून टाकतात. आजीला ते मान्य होईना. मेहनतीने पाठ केलेली अक्षरं पेटीत का घालायची?

शेवटी समोरच्या दारातली बाई चौथी म्हणून आली. ती पाली हिलला एका घरी स्वयंपाकाला जाते. तिथे आठवड्यातून एकदा बायकांचं टेबल बसतं आणि तिला वर्षानुवर्षं चहा नेऊन देताना सगळं दिसत आलेलं आहे. सोंगट्यांना तिने पूर्वी कधी हात लावला नव्हता, पण पहिल्याच संध्याकाळी तिने तेरा सोंगट्या एका हाताच्या रेट्यात उभ्या केल्या, तशा अजून नातीलाही येत नाहीत. दोन डाव गप्प खेळून झाल्यावर तिने विचारलं, सात जोड्यांचा डाव तुमच्याकडे चालतो का?

वहीत सात जोड्यांबद्दल काही नव्हतं. नात म्हणाली, चालतो, जपानमध्ये चालतो, चीनमध्ये पण चालतो. सून म्हणाली, मग गुण किती द्यायचे ते आधी ठरवा. आजीने आपल्या सोंगट्यांवरून नजर फिरवली, बोर्डाच्या मध्यावर पाहिलं आणि या डावाला नको, पुढच्यापासून, असं सांगितलं. समोरची बाई हसली आणि हातातला हिरवा ड्रॅगन बोर्डावर ठेवला.

"पंग," आजी म्हणाली.